अत्तराचे फाये

आप्पांच्या पुण्यतिथीच्या सकाळी घरातले कर्ते पुरुष शर्ट काढून सतरंजीवर ओळीने बसले आहेत, असं केनवडच्या त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. दरसाल या वेळेला मंडळी हार, नारळ आणि नुसते हुकूम घेऊन शेतात आप्पांच्या, म्हणजे जगदेवरावांच्या वडिलांच्या, ओट्याकडे निघालेली असत. यंदा मात्र रिसोडच्या दवाखान्यातून जीपने आलेल्या सपनाने बैठकीतल्या दिवाणावर ईसीजीचं मशीन मांडलं होतं आणि जगदेवरावांच्या खानदानाचं काळीज कागदाच्या पट्टीवर उतरवून घ्यायचं होतं.

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. जगदेवरावांची थोरली सून म्हणून तिला या घरात एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातच्या भाकरीला, तिच्या चालण्याला, तिच्या माहेरच्या, कारंज्याच्या बोलीला नावं ठेवून झाली होती. दोन महिन्यांपासून नाव ठेवायला नवी जागा सापडली होती, ती म्हणजे तिचं रक्त.

त्याला कारण झाली वैभवी, तिची लेक. पोरगी वाशिमला होस्टेलवर राहून बारावी करत होती. एके सकाळी शेजारच्या खाटेवरच्या मोबाईलचा गजर ठणाणला आणि ही उठून बसायच्याऐवजी जागच्या जागी कलंडली. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक पट्टी काढली, मग दुसरी काढली, आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "घरात कोणी असं अचानक गेलंय का? तरुणपणी? आवाजाने दचकून?"

"नाही," असं भागवतने सांगून टाकलं. भागवत म्हणजे वैभवीचा बाप आणि वैजयंतीचा नवरा. घरात वाद सुरू झाला की मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघणारा माणूस. तो खोटं बोलला नव्हता. त्याची थोरली बहीण गंगू नवव्या वर्षी, आप्पांच्या पुण्यतिथीलाच, ओट्यावरच्या घंटेखाली पडून गेली होती. पण या घराच्या हिशेबी गंगू मेलीच नव्हती. तिला आप्पांनी नेलं होतं. बैठकीत आप्पांच्या फोटोशेजारी दोन वेण्यांतल्या गंगूचाही फोटो होता आणि तिलाही आप्पांच्या बरोबरीने हार पडत असे. आता आप्पांनी नेलेल्या माणसाची नोंद अकोल्याच्या डॉक्टरकडे कशी करायची?

वैजयंतीने ती केली. डॉक्टरांनी मान हलवली आणि सांगितलं की रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांचा ईसीजी काढा. पोरीला रोज गोळी द्या, ती एक दिवसही चुकवू नका, कोणतंही दुसरं औषध विचारल्याशिवाय देऊ नका, आणि तिला अचानकच्या मोठ्या आवाजापासून जपा. पुढचा झटका उठू देईलच असं नाही.

घरी आल्यावर या सगळ्यातून घरच्यांनी एवढंच उचललं की दोष रक्तातून येतो. मग तो कोणाच्या, याचा निकाल लावायला नणंद निताला रिसोडहून केनवडला पोचण्याइतकाच वेळ लागला.

"कारंज्याहून आला, अजून कुठून येईन?" निताने पर्स ठेवायच्या आत सांगितलं होतं. "वहिनीचा मामा झोपीतच गेल्ता का नाई? आमच्याकडं तं सगळे पहिलवान."

वैजयंतीचा मामा झोपेत गेला होता हे खरं. तो जागेपणी इतकी पीत असे की झोपेत जाण्यावाचून त्याला दुसरा वेळच नव्हता. पण हे सांगून उपयोग नव्हता. गंगूताईचं नाव काढलं तर निता म्हणाली, "तिले मधात आणू नका, थे देवाचं हाय." तेव्हा आता पट्ट्याच काय ते बोलणार होत्या.

पहिल्या पट्ट्या कारंज्याहून आल्या. वैजयंतीचा धाकटा भाऊ शिवम, कारंज्याच्या शाळेतला शिक्षक, बहिणीच्या अब्रूसाठी माहेरच्या चौदा माणसांचा ईसीजी काढून पहाटेच्या एसटीने हजर झाला होता. चौदाही नॉर्मल. आता हा पुरावा वर्षानुवर्षं टिकावा, भाच्यांच्या लग्नातही दाखवता यावा, म्हणून शिवमने शिक्षकी हुशारीने सगळ्या पट्ट्या लॅमिनेट करून घेतल्या होत्या. त्याने मोठ्या दिमाखात फाइल उघडली. आत चौदा काळ्याकुट्ट पट्ट्या चकाकत होत्या.

"दादा, हा कागद उष्णतेनं काळा होते," सपना हळूच म्हणाली. "गरम मशीनमधून काढला तं सगळंच काळं होईन."

"कारंजेकराच्या काळजाचा रंग दिसला बापा एकदाचा," निता म्हणाली, आणि बैठक खदखदून हसली. शिवमने फाइल मिटली आणि तो चहाच्या कपात बघत बसला. वैजयंतीला त्याची दया आली आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

"पण हे हाय तरी काय?" जगदेवरावांनी विचारलं. सत्तरीचे जगदेवराव छाती उघडी टाकून बसले होते तरी पंचायतीत बसल्यासारखेच दिसत होते. "नीट सांग वं वैभवी. अकोल्याचा डॉक्टर विंग्रजीत बोलला अन् तुहा बाप घरी येऊन मुका झाला."

वैभवी आजोबांच्या समोर मांडी घालून बसली. "आबा, काळजाचा एक ठोका पडला की दुसऱ्या ठोक्याआधी त्याला पुन्हा तयार व्हावं लागते. त्यासाठी आतलं पोटॅशियम बाहेर जावं लागते. त्याला बारीक बारीक दारं असतात. माझी दारं पुरती उघडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे रिसोडच्या बाजार समितीचं यार्ड समजा. सोयाबीनचे ट्रॅक्टर खाली झाले की मागच्या गेटातून बाहेर निघाले पाह्यजेत, तेव्हा पुढची खेप आत घेता येते. मागचं गेट जाम असलं तर यार्ड भरलेलंच राह्यते. अन् तेवढ्यात कोणी जोरात हॉर्न मारला की सगळे एकदम घुसतात. मग काहीच हलत नाही. नुसती थरथर. काळीज तसं झालं की रक्त पुढं जात नाही, अन् माणूस पडते. आपोआप सुटलं तर उठते. नाही सुटलं तर नाही."

 धाकट्या दिराला, हरीओमला आता राहवेना. हरीओमचं रिसोडला कृषी सेवा केंद्र होतं आणि पोटॅशियम या विषयावर घरात आपल्यावाचून कोणी बोलावं हे त्याला पहिल्यापासूनच खटकलं होतं.

"एवढं कायले फिरवून सांगता?" तो म्हणाला. "पोटॅशियम म्हंजे पालाश. पालाश कमी पडलं की पानाच्या कडा करपतात, दाणा भरत नाई. पोट्टीले पालाश कमी पडून राह्यलं. केळं चारा, शहाळं पाजा. माह्या गोदामात तं शंभर बॅगा पडल्या हायेत."

"काका, पोटॅशियम कमी नाही, दार अरुंद आहे. बॅगा घालून गेट मोठं होत नाही."

"मंग गेट मोठं करून घ्या," जगदेवराव म्हणाले. "अकोल्याले नाई जमत तं नागपूरले करू. माणूस सांगून ठेवतो."

स्वयंपाकघरात, वैजयंतीच्या पायाशी, कस्तुराबाई पाटावर बसून कापसाचे फाये वळत होत्या. जगदेवरावांची बायको. बोलणं कमी आणि ऐकणं त्याहून कमी, अशी त्यांची ख्याती होती. दरसाल पुण्यतिथीला नवऱ्यासाठी हिन्याच्या अत्तराचे दोन फाये त्या स्वतः करत. घंटेची दोरी ओढायचा मान जगदेवरावांचा, आणि मानकऱ्याच्या दोन्ही कानांत अत्तराचा फाया पाहिजे ही रीत. दुसरा कोणी फाया कानाच्या पाळीत खोचेल. जगदेवराव मात्र बोटाने दाबून पार आत बसवत, कारण घंटेचा आवाज त्यांना म्हणे डोक्यात जाई.

घंटाही तशीच होती. आप्पा चौतिसाव्या वर्षी गेल्यावर घरच्यांनी शेतात ओटा बांधला आणि कारंज्याच्या बाजारातून दोघांनाही न उचलवणारी पितळी घंटा आणून टांगली. भर दुपारी बाराला घरातलं एक लेकरू फुलांचं ताट घेऊन, डोळे मिटून घंटेखाली उभं राहायचं. मग मानकऱ्याने दोरी ओढायची आणि घंटेच्या पहिल्या ठोक्याला बाजूच्या लोखंडी उखळीत ठासलेल्या दारूचा बार उडायचा. याला 'भेट' म्हणत. मागच्या वर्षी भेटीला वैभवी उभी होती. ठोका पडला, बार उडाला आणि ती ताटासकट आडवी झाली. दीड मिनिटाने डोळे उघडले तेव्हा तिच्या ओटीत नारळ होता आणि लोक तिच्या पाया पडत होते. त्या गर्दीत कोणाला वाटलं नाही की पोरीला पाणी द्यावं.

"चला, पहिले कोण?" सपनाने विचारलं.

पहिला हरीओम. त्याच्या छातीवरचे केस इतके दाट होते की सपनाला आधी रेझर चालवावा लागला. पट्टी निघाली, ठोक्यानंतर काळीज पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ मशीनने खाली आकड्यात छापला; साडेचारशेच्या आत असला की ठीक. चारशे अठरा. मग आतल्या खोलीत निताचा झाला. चारशे तीस. सपनाने दोन्ही पट्ट्यांचे फोटो अकोल्याच्या डॉक्टरांना पाठवले. उत्तर आलं, ठीक दिसतात.

"पाहा," निता साडी सावरत बाहेर आली. "म्या म्हटलं नव्हतं? आमचं रक्त साफ हाय."

मग भागवत दिवाणावर आडवा झाला. सपनाने तारा लावल्या, पट्टी बाहेर आली, आणि तिने ती दोनदा पाहिली. चारशे ब्याऐंशी.  आपली बाजू खरी ठरतेय याचा वैजयंतीला आनंद व्हायला हवा होता. पण दिवाणावर पडून छताकडे बघणारा तो गप्प माणूस तिचाच होता, आणि आजवर तोही नकळत पोरीइतक्याच धोक्यात जगत आला होता.

"काका, आता तुम्ही लेटा," सपना जगदेवरावांना म्हणाली. "हलू नका."

पाचशे दहा. सपनाने मशीन बंद केलं, तारा तपासल्या, पुन्हा काढली. पाचशे बारा. अकोल्याहून या वेळी उत्तर नाही, फोनच आला. दोघांनाही या आठवड्यात घेऊन या, आणि आज पट्टी काढल्याशिवाय कोणाला सोडू नका.

 दोन महिने कारंज्याच्या वाटेने धावणारं बोट आता कुठे वळवावं, हे निताला समजेना. जगदेवरावांनी शर्ट ओढून घेतला आणि बटणं चुकीच्या काजात लावली.

"म्हणजे आप्पांनाही हेच असेल," वैभवी हळूच म्हणाली. "गोजरा आजी, आप्पा कसे गेले होते?"

गोजराबाई कोपऱ्यात तक्क्याला टेकून सुपारी कातरत होत्या. जगदेवरावांची थोरली बहीण. आप्पा गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एकमेव माणूस, आणि ही गोष्ट त्या गेली साठ वर्षं मागेल त्याला आणि न मागेल त्यालाही सांगत आल्या होत्या.

"महादेवाच्या देवळात आप्पा डोये मिटून उभे व्हते," त्यांनी सुरुवात केली. "मांगून कोनं तरी धाडकन घंटा वाजवली. आन आप्पा उभ्या उभ्याच..." त्या थांबल्या. अडकित्ता हातात तसाच राहिला. वैजयंतीला वाटलं, आता तरी कळलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर ते कळणं येताना तिने स्पष्ट पाहिलं. आणि मग ते तसंच परत गेलेलंही पाहिलं.

"अरे, मंग ही आप्पाचीच खूण हाय!" गोजराबाई ओरडल्या. "आप्पानं आपली खूण जगदेवच्या काळजात ठेवली, जगदेवनं भागवतले देल्ली, भागवतनं या पोट्टीले! दोष कायचा रे मेल्याहो? हा परसाद हाय!"

घर एका मिनिटात फिरलं. इतकं की ज्यांनी दोन महिने रक्ताच्या नावाने बोटं मोडली, ते आता त्याच रक्तात आपला वाटा शोधू लागले. जगदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. भागवतने आयुष्यात पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवला. आणि हरीओमला आपल्या पट्टीवरचा आकडा आता दहावीच्या मार्कांसारखा दिसू लागला.

"मले चारशे अठराच काहून?" त्याने सपनाला विचारलं. "छातीचे केस पुरे नाई निघाले वाट्टे. अजून एकदा काढा."

"अहो, तुमचं चांगलं आहे दादा. कमीच पाह्यजे."

"कमी चांगलं कसं? भागवतदादाले पावणेपाचशेच्या वर, अन् मले अठरा?"

"मी काय उकिरड्यावर सापडली व्हती का बाबा?" निताने खरोखरच पदराने डोळे पुसले. "लहानपणी फटाके वाजले की मलेही कसंतरी होत जाय. आठवते ना?"

सपनाने सरळपणे सांगायचं तेवढं सांगितलं. "पट्टी साधी आली म्हणून शंभर टक्के नाही असं नसते. डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतील, तेव्हा कळन."

"म्हंजे असू शकते!" हरीओम निताकडे पाहून म्हणाला, आणि दोघा भावंडांचं कित्येक वर्षांनी एकमत झालं. वैजयंतीने सपनाकडे पाहिलं. सपना तारा गुंडाळत होती. रिसोड तालुक्यातल्या पुष्कळ लोकांची काळजं तिने पट्टीवर पाहिली होती, पण काळजाच्या आजारासाठी रडणारी धडधाकट माणसं ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

जगदेवराव उभे राहिले. "यंदाची भेट मोठी झाली पाह्यजे," त्यांनी जाहीर केलं. "धनसिंगले सांगा, उखळीत दारू डबल ठास म्हणा. ताट घेऊन वैभवीच उभी राहीन. तिचाच मान हाय."

वैजयंतीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग ती डोक्यावरचा पदर विसरून बैठकीच्या मधोमध आली. "मामाजी, ती उभी नाही राहणार. आत्ता तिनंच सांगितलं ना, आवाजानं काय होते ते? आत्ताच डॉक्टरांचा फोन आला ना?"

"गोळी चालू हाय ना तिले?"

"गोळी चालू आहे म्हणून विहिरीत ढकलायचं का?"

एवढं या घरात मामाजींना कोणी बोललं नव्हतं. जगदेवरावांचा आवाज उलट खाली आला. "सूनबाई, आप्पाची भेट तुमाले नोको असन, तं भाऊ आलेलाच हाय. बॅग भरा. पण मंग पोट्टीले घेऊन कारंज्यालेच राह्यचं. या उंबऱ्यात पुन्हा पाय नोको."

वैजयंतीने भागवतकडे पाहिलं. त्याचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. मग तिने निताकडे पाहिलं, आणि निता म्हणाली, "वहिनी, एका दिवसाचा तं परश्न हाय." एका दिवसाचाच प्रश्न होता. गंगूचाही एकाच दिवसाचा होता.

ती मागच्या खोलीत गेली आणि ट्रॅक्टरच्या पेटीतून मोठा पाना काढला. बॅग नंतर भरता येईल, आधी ती घंटा मुकी करायची. घंटेच्या पोटातला लोखंडी लोळा एका बोल्टवर लटकतो, हे तिने ओटा धुताना दरसाल पाहिलं होतं. पूजेच्या ताटात पाना ठेवला, वर झेंडूची फुलं पसरली आणि ओटा धुवायच्या निमित्ताने ती अकरालाच शेताकडे निघाली.

ओट्यावर कोणी नव्हतं. चौथऱ्याच्या कठड्यावर चढून तिने घंटेच्या आत हात घातला. हात आत गोल फिरला. तिथे नुसता रिकामा आकडा होता. लोळा जागेवर नव्हताच.

तिला काहीच उमजेना. शिवम? त्याला लॅमिनेशनच्या पुढे काही सुचत नाही. भागवत? हा विचार मनात आला तसं तिला स्वतःचंच हसू आलं. खाली उतरते तोच पांदणीच्या वाटेने वाजंत्री ऐकू आली आणि मंडळी आली. पुढे गोजराबाई, आणि त्यांच्या हाताला धरून जरीचं परकर-पोलकं घातलेली वैभवी.

"काहून आलीस तू?" वैजयंतीने लेकीला बाजूला ओढलं. "म्या नाही म्हटलं होतं ना?"

"आबा म्हणाले, मी उभी राह्यले तर तुला कोणी काही बोलणार नाही," वैभवी म्हणाली. "कारंज्याला जावं लागणार नाही तुला."

पोरगी सतरा वर्षांची होती, आणि बाजार समितीच्या गेटाची गोष्ट ती आजोबांपेक्षा नक्कीच नीट जाणत होती. वैजयंतीचे डोळे भरून आले. तिने कसंबसं कुजबुजत सांगितलं, "घंटा वाजणार नाही. घाबरू नको." मग ती उखळीवाल्या धनसिंगकडे गेली. "धनसिंगभाऊ, बार काढू नका."

"घंटीचा आवाज आल्याबिगर मी वातीले हात लावत नाई बाई," धनसिंग म्हणाला. "माह्या बापाच्या टायमापासून हेच हाय. आवाज आला तं मात्र थांबत नाई."

बारा वाजले. जगदेवराव पांढरं धोतर आणि केशरी फेट्यात ओट्यावर आले. दोन्ही कानांतले फाये त्यांनी बोटाने नीट आत दाबले. वैभवी ताट घेऊन घंटेखाली उभी राहिली आणि डोळे मिटले. आजवर कोणी केलं नव्हतं ते वैजयंतीने केलं. ती लेकीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांनी तिचे कान घट्ट झाकले. गोजराबाई काही तरी ओरडल्या. तिने तळवे काढले नाहीत.

जगदेवरावांनी डोळे मिटून दोरी ओढली.

दोरी करकरली, घंटा डुलली, आणि शेतात कावळ्यांचाच तेवढा आवाज आला.

पण जगदेवरावांच्या कानात फाये होते. ते मोठ्या भक्तिभावाने ओढतच राहिले. एक, दोन, तीन, चार, पाच. दर ओढीला मान किंचित झुकवत, ओठांत आप्पांचं नाव घेत, त्यांनी त्या मुक्या घंटेचे पाच ठोके पुरे केले आणि गहिवरून नमस्कार घातला. गाव आ वासून पाहत होतं. डोळे उघडून त्यांनी आधी पेटती वात हातात धरून बसलेल्या धनसिंगकडे पाहिलं.

"धनसिंग, बार काहून नाई काढला?"

धनसिंगने हाताने काही तरी खुणावलं. जगदेवरावांनी वैतागून दोन्ही फाये ओढून काढले. "काय म्हणून राह्यला?"

"आवाज कुठं आला पाटील?"

हरीओमने वर चढून घंटेत डोकं घातलं. "बाबा, लोळाच नाई!"

पुन्हा गोजराबाईच सावरल्या. "आप्पानं मौन धरलं!" त्या हात जोडून किंचाळल्या. "आप्पाले यंदा आवाज नोको हाय! चमत्कार झाला!" चार बायांनी ते उचललं, मागच्या गर्दीत आप्पांचा जयजयकार झाला, आणि निताने कोणी व्हिडिओ काढला का असं विचारलं. जगदेवरावांचा चेहरा उजळू लागला. मुक्या घंटेचा ओटा वाजत्या घंटेपेक्षा मोठा होईल, हे त्यांच्या ध्यानात येत होतं. वैजयंतीने लेकीच्या कानांवरचे हात काढले. तिला त्या क्षणी खोटं का होईना, हे चालणार होतं. चमत्कार तर चमत्कार.

मग बायांच्या घोळक्यातून कस्तुराबाई पुढे आल्या. डोक्यावर प्रसादाची टोपली होती. ती त्यांनी ओट्यावर उतरवली, वरचं फडकं बाजूला केलं, पुऱ्यांच्या खालून तो लोखंडी लोळा काढला आणि फरशीवर ठेवला. त्याचा मात्र चांगला आवाज झाला.

"आप्पानं काई नाई केलं," त्या म्हणाल्या. "सकायी ओटा झाडाले आली व्हती, तवा म्या काढला. मले पट्टी पाह्याची गरज नव्हती."

"कस्तुरे, गप राह्य," जगदेवराव दातांआडून म्हणाले. "लोकं हायेत."

"चाळीस वरसं गपच व्हती." त्यांचा आवाज चढला नाही. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. "इथंच पडली व्हती माही गंगू. याच फरशीवर. तुमी मले रडू नाई देलं. म्हने आप्पानं नेली, रडलं तं पाप लागते. तिच्या अंगावर फुलं टाकली आन माह्या हातात पेढ्याचं ताट देलं. म्या वाटले पेढे. आता चमत्कार म्हनसान, तं पुढच्या साली नवा लोळा आनसान, आन मंग पेढे वैजयंतीच्या हातात देसान."

 धनसिंगने वात मातीत खुपसली. कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर कापसाचे दोन बोळे होते. त्यांना हिन्याचा वास येत होता.

"दरसाल हे फाये म्याच करून देल्ले," त्या म्हणाल्या. "तुमच्याही काळजात तेच व्हतं. पन तुमच्या कानात फाये व्हते. माह्या गंगूच्या कानात नव्हते."

एवढं बोलून त्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि चाळीस वर्षांनी, सगळ्या गावासमोर, मोठ्याने रडू लागल्या. वैजयंती त्यांच्याजवळ जाऊन बसली, वैभवी दुसऱ्या बाजूला. त्यांना गप्प करायला कोणी पुढे आलं नाही. जगदेवराव दोरीपाशीच उभे होते. फाये हातात असल्यामुळे त्यांना सगळं ऐकू येत होतं.